टी कोशिका व कर्करोग

टी कोशिका व कर्करोग : शरीरातील ज्या कोशिका (सजीवाचे सूक्ष्म घटक; पेशी) विकृत झाल्या असतील त्या ओळखून नष्ट करणे, हे टी कोशिकांचे एक महत्त्वाचे कार्य होय. टी कोशिका हा लसीका कोशिकांचा, म्हणजे रक्तातील पांढऱ्या कोशिकांपैकी एका गटाचा, एक वर्ग असून त्या अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकात) उत्पन्न होतात व छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात. या ग्रंथीच्या ‘थायमस’ या नावाच्या आद्याक्षरावरून त्यांना ‘टी’ हे नाव मिळाले आहे. सूक्ष्मजंतू शरीरास सर्वस्वी परके असल्याने त्यांची ओळख पटणे तुलनेने सोपे असते. कर्ककोशिका मात्र रुग्णाच्याच शरीरातून उत्पन्न झालेली व बहुतेक बाबतींत निरोगी कोशिकेसारखीच असते. अशा घरच्या शत्रूची ओळख कशी पटते, ती पटूनही कित्येकदा त्याचा नाश का होत नाही आणि हा अडथळा दूर करण्याचे प्रयत्न कोठवर आले आहेत, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. महाराष्ट्रातील वाचकास परिचित असा मुखाचा कर्करोग त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे.

तंबाखू आणि कोशिकेतील बदल : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या खानदेशात, राज्याच्या इतर भागांप्रमाणेच चुन्याबरोबर मळलेली तंबाखू गालात धरणे, मिशरी लावणे, सुपारी व गुटखा चघळणे या सवयी आढळतात. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी घालण्यात आली. मळून खावयाची साधी तंबाखू मात्र त्या बंदीत येत नाही. तंबाखूची गोळी जेथे तासन्‌तास राहते तेथेच, म्हणजे गालाच्या आतील अस्तरावर आणि खालच्या हिरडीलगत, भारतीय रुग्णांत हा कर्करोग विशेषेकरून उद्‌भवतो. तंबाखूतील नायट्रोसामाइने व इतर द्रव्ये अस्तराच्या कोशिकांतील डीएनएमध्ये बदल घडवितात व हे बदल वर्षानुवर्षे साचत जातात. त्यांपैकी थोड्या बदलांमुळे कोशिका-विभाजनावरील नियंत्रण सुटते. उरलेल्या बहुसंख्य बदलांचा कर्करोगाच्या वाढीस काहीच उपयोग नसतो. तथापि टी कोशिकांच्या दृष्टीने तेही मोलाचे असतात. बदललेल्या जनुकापासून बदललेले प्रथिन बनते आणि असे प्रथिन त्या व्यक्तीच्या शरीरात पूर्वी कधीही अस्तित्वात नसते. अशा प्रथिनांच्या तुकड्यांना नवप्रतिजन म्हणतात. ज्या विषामुळे रोग होतो त्याच विषामुळे रोग्याच्या कोशिकेवर ओळखीची खूणही उमटते, असा हा विलक्षण योग आहे.

ओळख कशी पटते : टी कोशिका दुसऱ्या कोशिकेच्या अंतर्भागात डोकावू शकत नाही. तिला जे काही कळते ते त्या कोशिकेच्या पृष्ठभागावरून कळते. प्रत्येक कोशिकेत जुनी प्रथिने सतत मोडली जातात. या मोडीतून निघालेले सुमारे ८ ते १० अमिनो अम्लांचे तुकडे (पेप्टाइडे) विशिष्ट वाहक प्रथिनांच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर मांडले जातात. या वाहकांना ऊतकसंगती प्रथिने किंवा एचएलए प्रथिने म्हणतात. अवयवारोपणाच्या वेळी दाता व ग्राहक यांची जुळणी ज्यांवरून पाहतात, ती हीच. धान्याच्या बाजारात पोते रिते न करता मूठभर नमुन्यावरून आतील मालाची परीक्षा करतात, तशी टी कोशिका या तुकड्यांवरून कोशिकेच्या अंतरंगाची परीक्षा करते. तुकडा व वाहक हे दोन्ही मिळूनच टी कोशिकेला ओळखता येतात, हे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबरा येथे व्हायरसाने बाधित झालेल्या उंदरांवर प्रयोग करून १९७४ मध्ये दाखविले. या शोधाबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परीक्षेचे साधन म्हणजे टी कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राही (विशिष्ट रेणूशी जुळून बसणारे प्रथिन). तो बहुधा आल्फा व बीटा अशा दोन साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्यांची जनुके अनेक लहान खंडांत विभागलेली असून टी कोशिका तयार होताना ते खंड यदृच्छया जोडले जातात. परिणामी एकाच व्यक्तीत कोट्यवधी निरनिराळ्या आकारांचे ग्राही निर्माण होतात. एका टी कोशिकेवर मात्र सामान्यतः एकाच आकाराचे ग्राही असतात. या ग्राहीची जनुके टाक माक व मार्क डेव्हिस यांच्या स्वतंत्र गटांनी १९८४ मध्ये शोधून काढली.

इतक्या बेहिशेबी पद्धतीने बनलेल्या ग्राहींपैकी काही शरीराच्याच प्रथिनांवर उलटणार, हे उघड आहे. म्हणून यौवनलोपी ग्रंथीत कठोर निवड होते. स्वतःच्या एचएलए प्रथिनांशी मुळीच न जुळणाऱ्या आणि स्वतःच्या तुकड्यांशी फार घट्ट जुळणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या कोशिका तेथेच मरतात. नऊ-दशांशांहून अधिक कोशिका या परीक्षेत नापास होतात. कर्करोगाच्या बाबतीत या निवडीची किंमत मोजावी लागते. कर्ककोशिकेतील बहुतेक प्रथिने ‘आपली’च असल्याने त्यांना घट्ट पकडू शकणाऱ्या टी कोशिका आधीच काढून टाकलेल्या असतात आणि सारी भिस्त नवप्रतिजनांसारख्या थोड्या खुणांवर राहते. मानवी अर्बुदावरील (गाठीवरील) टी कोशिकांना ओळखता येणाऱ्या प्रतिजनाचे जनुक थिएरी बून यांच्या ब्रुसेल्स येथील गटाने १९९१ मध्ये प्रथम ओळखले. ते अर्बुद त्वचेतील रंगद्रव्य-कोशिकांच्या कर्करोगाचे होते.

जागृती व प्रहार : नुसती ओळख पटल्याने टी कोशिका लढू लागत नाही. तिला प्रथम जागृत करावे लागते व हे काम शाखायुक्त कोशिका करतात. त्यांचे वर्णन राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये केले. या कोशिका अर्बुदातील मृत कोशिकांचे अवशेष गिळून जवळच्या लसीका ग्रंथीत जातात आणि तेथे टी कोशिकांसमोर तुकडे मांडतात. तुकड्याची ओळख हा पहिला संदेश व शाखायुक्त कोशिकेवरील विशिष्ट प्रथिनांचा स्पर्श हा दुसरा. दुसऱ्या संदेशाविना पहिला मिळाल्यास टी कोशिका उलट निष्क्रिय होते. मुखाच्या कर्करोगात हे सारे मानेतील लसीका ग्रंथींत घडते. कर्करोगाचा प्रसारही प्रथम याच ग्रंथींत होतो व शस्त्रवैद्य त्या काढून टाकतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

जागृत झालेल्या टी कोशिका झपाट्याने विभाजन पावून रक्तावाटे अर्बुदात शिरतात. सीडी-८ या प्रथिनाने ओळखल्या जाणाऱ्या मारक टी कोशिका प्रत्यक्ष प्रहार करतात, तर सीडी-४ धारण करणाऱ्या साहाय्यक टी कोशिका त्यांना रासायनिक संदेशांनी बळ देतात. मारक कोशिका कर्ककोशिकेला चिकटून दोहोंमधील अरुंद फटीत परफोरिन व ग्रँझाइम ही प्रथिने सोडते. परफोरिनामुळे कर्ककोशिकेच्या पटलास छिद्रे पडतात व ग्रँझाइमे आत जाऊन तिच्यातील आत्मनाशाची यंत्रणा सुरू करतात. दुसरा मार्ग कर्ककोशिकेच्या पृष्ठावरील ‘फास’ या ग्राहीमार्फत जातो. त्यात कॅस्पेज-८ हे एंझाइम आत्मनाशाचा आरंभ करते. एका कोशिकेचा नाश केल्यावर तीच टी कोशिका दुसरीकडे वळू शकते.

एक वादग्रस्त कल्पना : शरीर उगवत्या कर्करोगांवर सतत पाळत ठेवत असावे, असे पाउल एर्लिक यांनी १९०९ मध्ये सुचविले होते. मॅकफार्लेन बर्नेट व ल्यूइस टॉमस यांनी १९५० नंतरच्या दशकात तिला ‘प्रतिकारक पाळत’ या सिद्धांताचे रूप दिले. त्या वेळी यौवनलोपी ग्रंथीचे कार्यही माहीत नव्हते. ते झाक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखविले. पुढे १९७४ मध्ये या ग्रंथीविना जन्मणाऱ्या केशहीन उंदरांत कर्करोग अधिक होत नाहीत, असे ऑसियास स्टटमन यांना आढळले आणि सिद्धांत मागे पडला. या उंदरांत थोड्या टी कोशिका असतात हे नंतर कळले. लसीका कोशिकांचा पूर्ण अभाव असणाऱ्या उंदरांत कर्करोग अधिक होतात, हे रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने २००१ मध्ये सिद्ध केले. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट निदर्शनास आली : प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांत वाढलेली अर्बुदे टी कोशिकांना चकविण्यात अधिक तरबेज असतात. पाळतीतून जे सुटले ते निवडून निघालेले असतात. वृक्करोपण झालेल्या व त्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत त्वचेचे व लसीका ऊतकांचे काही कर्करोग अधिक आढळतात, हा माणसातील पुरावाही याच बाजूचा आहे.

कर्ककोशिका कशी निसटते : मुखाच्या कर्करोगातील एक मार्ग भारतीय संशोधनातून स्पष्ट झाला आहे. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिकी संस्था आणि खारघर (नवी मुंबई) येथील टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था यांनी हिरडी व गाल यांच्या कर्करोगाच्या ११० रुग्णांतील जनुकांची तपासणी करून २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांमध्ये कॅस्पेज-८ चे जनुक होते. टी कोशिकेने दिलेला मरणाचा आदेश ज्या एंझाइमाने पाळावयाचा तेच निकामी झालेले असल्यास, ओळख पटूनही त्या मार्गाने प्रहार वाया जातो. इतर काही कर्ककोशिका एचएलए प्रथिने गाळून टाकतात, म्हणजे नमुना दाखविणेच बंद करतात. काही अर्बुदे नियंत्रक टी कोशिकांना जवळ करतात. या कोशिकांचे स्वाभाविक काम शरीराविरुद्धच्या लढाया थोपविणे हे असून त्यांच्या शोधाशी निगडित कार्याबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

उपचारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरलेली पळवाट निराळीच आहे. टी कोशिकेवर लढाई आवरती घेण्यासाठी रोधक ग्राही असतात. त्यांपैकी पीडी-१ चे जनुक तासुकू होंजो यांच्या क्योटो येथील गटाने १९९२ मध्ये शोधले. पीडी-१ ला जुळणारे पीडी-एल-१ हे प्रथिन अनेक कर्ककोशिका धारण करतात. तेही बहुधा टी कोशिकांनी सोडलेल्या इंटरफेरॉनाच्या प्रभावामुळे. हल्ला झाला म्हणजे ढाल पुढे येते. अशा अर्बुदांत टी कोशिका असतात, त्यांना शत्रू दिसतही असतो, परंतु त्या थोपवून धरलेल्या असतात. सीटीएलए-४ या दुसऱ्या रोधक ग्राहीला प्रतिपिंडाने (विशिष्ट रेणूला चिकटणाऱ्या रक्षक प्रथिनाने) झाकल्यास उंदरांतील अर्बुदे नष्ट होतात, हे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखविले. होंजो व ॲलिसन हे २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

रोध काढण्याचा उपचार : सीटीएलए-४ विरोधी औषधास अमेरिकेत २०११ मध्ये, तर पीडी-१ विरोधी औषधांस २०१४ मध्ये मान्यता मिळाली. डोके व मान यांच्या परत उद्‌भवलेल्या कर्करोगावर निव्होलुमॅब या पीडी-१ विरोधी प्रतिपिंडाची ३६१ रुग्णांवरील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मध्यक आयुर्मान नेहमीच्या औषधांनी ५.१ महिने, तर निव्होलुमॅबने ७.५ महिने होते आणि अर्बुद आक्रसण्याचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होते. आकडे माफक आहेत. मात्र ज्या थोड्या रुग्णांस गुण येतो त्यांच्यात तो पुष्कळ काळ टिकू शकतो, आणि या रोगात तशी अपेक्षा पूर्वी कोणी करीत नसे.

औषधाची किंमत ही येथील खरी अडचण होय. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिग्रॅ. असून ती दीर्घकाळ घ्यावी लागते. जळगाव वा धुळे जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कुटुंबास हा खर्च पेलणे अशक्यच म्हणावे लागेल. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विजय पाटील, कुमार प्रभाष व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीला सरळ हात घातला. पीडी-१ ग्राही व्यापण्यास अल्प मात्राही पुरते, असे पूर्वीच्या प्रयोगांत दिसले होते. त्या आधारे त्यांनी दर तीन आठवड्यांस अवघे २० मिग्रॅ. निव्होलुमॅब दिले. सहा आठवड्यांचा हिशेब केल्यास ७२० मिग्रॅ. ऐवजी हे ४० मिग्रॅ. होतात. बऱ्या होण्यापलीकडे गेलेल्या डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी एका गटास तोंडाने घ्यावयाची तीन स्वस्त औषधे (मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब) देण्यात आली व दुसऱ्या गटास त्यांच्या जोडीला हे अल्प मात्रेतील प्रतिपिंड मिळाले. एक वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३%, तर दुसऱ्या गटातील ४३.४% रुग्ण हयात होते. मध्यक आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीत अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नाही, त्यामुळे दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत असे त्यावरून म्हणता येणार नाही. परंतु ज्याला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती त्या रुग्णापुढे पर्याय अल्प मात्रा किंवा काहीच नाही, असे दोनच होते. त्या प्रश्नाचे उत्तर चाचणीने दिले आहे.

ऊतकप्रकाराचे बंधन नसलेल्या टी कोशिका : रक्तातील टी कोशिकांपैकी साधारणतः १ ते १०% कोशिकांचे ग्राही गॅमा व डेल्टा या साखळ्यांचे असतात. त्यांना एचएलए प्रथिनाच्या खोबणीतील तुकड्याची आवश्यकता नसते. ताणाखाली असलेल्या कोशिकेच्या पृष्ठावर येणारे रेणू त्या थेट ओळखतात. शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने मुखाच्या कर्ककोशिकांवरील उष्णताघात-प्रथिन-६० या रेणूस गॅमा-डेल्टा टी कोशिका ओळखतात, असे १९९९ मध्ये दाखविले. हे कार्य टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत झाले. १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे खारघरच्या ॲक्ट्रेकचा भाग बनली. नमुना लपविणाऱ्या कर्ककोशिकेवरही या टी कोशिका चालून जाऊ शकतात, म्हणून त्यांच्याविषयी मोठी आशा वाटते. तिला आवर घालणारा पुरावाही याच गटाने दिला आहे : इंटरल्यूकीन-१७ स्रवणाऱ्या गॅमा-डेल्टा टी कोशिका पित्ताशयाच्या कर्करोगात नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस मदत करतात, असे २०१६ मध्ये आढळले. एकाच कुळातील कोशिका अर्बुदाचा नाशही करतात व पोषणही, त्यामुळे त्यांचा औषध म्हणून वापर करण्यापूर्वी निवड काळजीपूर्वक करावी लागेल.

बनविलेल्या टी कोशिका : रुग्णाच्या टी कोशिका बाहेर काढून त्यांत नव्या ग्राहीचे जनुक घालण्याची कल्पना इस्राएलमधील गिडियन ग्रॉस व झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये प्रत्यक्षात आणली. या कृत्रिम ग्राहीचा बाहेरील भाग प्रतिपिंडाचा व आतील भाग टी कोशिकेला चेतविणारा असतो. त्यास ‘कार’ व अशा कोशिकांना ‘कार-टी’ म्हणतात. रक्ताच्या काही कर्करोगांत कोशिकांवर सीडी-१९ हे प्रथिन असते. त्यास लक्ष्य करणाऱ्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा स्मारक केंद्रातील हसमुख जैन, गौरव नरुला इ. वैद्यांच्या सहकार्याने स्वतंत्र रचनेच्या कार-टी कोशिका तयार केल्या. पहिल्या रुग्णास त्या जून २०२१ मध्ये देण्यात आल्या व ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. भारतातील ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३% रुग्णांत प्रतिसाद दिसला. खर्च परदेशातील खर्चाच्या सुमारे एक-दशांश असला, तरी तो लाखो रुपयांच्या घरात आहे.

मुखाच्या कर्करोगावर हा उपचार अद्याप लागू पडत नाही. सीडी-१९ नष्ट करताना निरोगी बी कोशिकाही मरतात, पण त्यांच्याविना रुग्ण जगू शकतो. गालाच्या अस्तराच्या कर्ककोशिकांवरील पृष्ठ-प्रथिने निरोगी अस्तरावरही असल्याने त्यांच्यावरील हल्ला परवडत नाही. शिवाय घट्ट अर्बुदात शिरलेल्या टी कोशिकांना वर वर्णिलेले सर्व अडथळे ओलांडावे लागतात.

शस्त्रक्रियेपूर्वीचा उपयोग : अर्बुद व मानेतील ग्रंथी जागेवर असतानाच टी कोशिकांवरील रोध काढला, तर शाखायुक्त कोशिकांना नमुनाही मिळतो आणि तो मांडण्याची जागाही. ग्रंथी काढल्यानंतर हे दोन्ही बव्हंशी नाहीसे होते. या तर्कास पुष्टी देणारी मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. काढता येण्याजोग्या पण वाढलेल्या डोके व मान यांच्या कर्करोगात शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर पेंब्रोलिझुमॅब हे पीडी-१ विरोधी औषध दिल्यास रोग परतण्यापूर्वीचा मध्यक काळ ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला. ही चाचणी पूर्ण मात्रेची होती.

दुष्परिणाम : रोध काढला असता टी कोशिका निरोगी ऊतकांवरही उलटू शकतात. आतडे, यकृत, फुप्फुस, त्वचा व अवटू ग्रंथी यांचा दाह होतो व तो औषध सुरू केल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी औषध थांबविल्यानंतरही उद्‌भवतो. अशा वेळी रुग्ण मुंबईहून परतून आपल्या गावी असतो. चोपडा किंवा शिरपूर येथील वैद्याकडे तो जुलाब वा धाप लागण्याची तक्रार घेऊन गेल्यास ती साध्या जंतुसंसर्गाची म्हणून हाताळली जाण्याचा संभव आहे. तीव्र दाहावर मुख्य औषध कॉर्टिकोस्टेरॉइड हे असून ते देण्यास विलंब झाल्यास प्राणावर बेतते. म्हणून टी कोशिकांवरील रोध काढणारे औषध घेतल्याची नोंद, औषधाचे नाव व दिनांक यांसह, रुग्णाने जवळ बाळगावी व कोणत्याही तक्रारीसाठी वैद्याकडे जाताना ती प्रथम दाखवावी.